गंधकाचे मणी

१

नदीकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना आधी वास आला आणि मग मासे दिसले. केंद्राच्या मोठ्या पाइपाखाली नदी तपकिरी झाली होती आणि तिच्यावर लहानमोठे मासे पोटं वर करून तरंगत होते. पाइपातून पाणी येतच होतं आणि पाण्याबरोबर पिंजलेल्या कापसासारखा गाळही येत होता.

शहराचं सांडपाणी स्वच्छ करून नदीत सोडणं हे त्या केंद्राचं काम. आणि त्या केंद्राचे प्रमुख म्हणजे जंतूबाईंचे धाकटे दीर. खरं तर त्यांना प्रमुखसाहेब म्हणायला हवं. पण ही गोष्ट जंतूबाईंची आहे आणि त्या त्यांना भावोजी म्हणतात, तेव्हा आपणही भावोजीच म्हणू. भावोजींनी लग्न केलं नव्हतं. केलं असेल तर त्या केंद्राशीच, असं त्यांची आई म्हणायची. टाक्यांत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या घरघराटात रात्रंदिवस राहून त्यांना ओरडून बोलायची सवय लागली होती. ‘मीठ द्या’ म्हणाले तरी शेजारची माणसं दचकायची.

दुपारपर्यंत शहराचे मुख्य इंजिनिअर साहेब हजर झाले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. टाकीच्या काठावर उभे राहून त्यांनी एकदा खाली पाहिलं आणि निकाल लावून टाकला.

“गाळाला हवा मिळालेली नाही. तुम्ही ब्लोअर बंद ठेवत होता. विजेचं बिल कमी दाखवून शाबासकी मिळवायची होती ना?”

“बंद?” भावोजी ओरडले. “साहेब, मी स्वतःचा श्वास बंद ठेवीन, पण ब्लोअर नाही!”

“पुरावा?”

पुरावा नव्हता. ब्लोअरचा मीटर कधीचा बिघडलेला होता. कामगारांनी शपथेवर सांगितलं, पण साहेब म्हणाले, ती तुमचीच माणसं. संध्याकाळी भावोजींना घरी बसवलं गेलं. महिनाअखेरीला शहराच्या समितीपुढे सुनावणी होती. तिथे दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती, वर खटलाही होणार होता. नोकरीचं एक वेळ बाजूला ठेवू, पण आयुष्यभर नदी राखलेल्या माणसाला गल्लीतली पोरं त्याच दिवसापासून ‘मासेमाऱ्या’ म्हणायला लागली. भावोजी घरी आले ते गाळाची एक बाटली हातात घेऊन. ती त्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

“वहिनी, यात कोण आहे ते शोधा.”

२

जंतूबाईंनी कॉलेजात बत्तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं होतं. जंतूबाई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. त्यांना ते कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, उलट निरोपसमारंभात त्यांनी सही करताना तेच नाव लिहिलं. कॉलेजने भेट दिलेला मायक्रोस्कोप त्यांच्या स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी असायचा. त्यावरून सासूबाईंशी होणारा वाद जुना होता आणि दोघींनाही तो मिटायला नको होता.

“हे काय असतं, ते मला तरी सांग,” सासूबाई बाटलीपासून चार हात लांब उभ्या राहून म्हणाल्या. “माझ्या लेकाची नोकरी खाणारं आहे तरी काय एवढं?”

“आई, गाळ म्हणजे नुसती घाण नव्हे. जंतूंचे झुपके आहेत हे. सांडपाण्यातली घाण ते खातात. त्यांना श्वासाला हवा लागते, ती ब्लोअर देतात. खाऊन झालं की पुढच्या टाकीत झुपके तळाशी बसतात, वर निवळ पाणी राहतं आणि ते नदीत जातं.”

“मग या वेळी बसले का नाहीत?”

“कारण झुपक्यांतून कुणीतरी हात बाहेर काढलेत.”

त्यांनी थेंब काचपट्टीवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि डोळा लावला. झुपक्यांतून लांबच लांब धागे बाहेर आले होते आणि एका झुपक्याचा धागा दुसऱ्यात अडकला होता. गर्दीत सगळ्यांनी छत्र्या उघडल्या की कुणीच खाली बसू शकत नाही, तसं झालं होतं. असे धागे करणारे जंतू अनेक प्रकारचे असतात. कुणी हवा कमी पडली म्हणून माजतो, कुणी तेल-तूप मिळालं म्हणून. वरून सगळे सारखेच दिसतात. जंतूबाईंनी पट्ट्यांवर रंग चढवून पाहिले, जाडी पाहिली, फांद्या आहेत का ते पाहिलं. मग प्रकाश थोडा बदलला आणि त्या एकदम ताठ बसल्या.

धाग्याच्या आत ओळीने मणी चमकत होते.

“गंधक!” त्या म्हणाल्या. “भावोजी, हा सडक्या अंड्याच्या वासावर जगणारा आहे. कुजलेल्या पाण्यातला गंधकाचा वायू घेतो आणि पोटात त्याचे मणी साठवतो. हवा कमी पडली की माजतो तो वेगळा, त्याच्यात असे मणी नसतात.”

“म्हणजे मी सुटलो!” भावोजींचा आवाज परत आला, कपाटातली भांडी थरथरली.

“एवढ्यात नाही. साहेब म्हणतील, ब्लोअर बंद होते म्हणून पाणी तुमच्याच टाकीत कुजलं.” त्यांनी पट्टी सरकवली आणि गालातल्या गालात हसल्या. “पण इथे तुमचे साक्षीदारही आहेत. बघा.”

भावोजींनी डोळा लावला. झुपक्यांना देठाने चिकटलेले घंटेच्या आकाराचे इवलेसे प्राणी तोंडं उघडून पाणी ओढत होते. एक मिटला, पुन्हा उघडला. या प्राण्यांना हवेवाचून क्षणभर करमत नाही. टाकीत हवा थांबली असती तर हे आधी मेले असते. इथे तर त्यांची वसाहत वसली होती.

“टाकीत हवा होती,” जंतूबाई म्हणाल्या. “पाणी तुमच्याकडे आलं तेच कुजून आलं. तेही एकदा नव्हे, कित्येक आठवडे, त्याशिवाय एवढे धागे वाढत नाहीत. तुमच्याकडे येणाऱ्या वाहिनीवर मोठी गिऱ्हाइकं कोण?”

“दोनच. दुधाची डेअरी आणि चामड्याचा कारखाना.”

“आणि कातड्यावरचे केस काढायला काय वापरतात?”

भावोजी ताडकन उभे राहिले. “गंधकाचा क्षार.”

३

चामड्याच्या कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, दारातच आडवे आले.

“मासे मेले त्या दिवसापासून जो तो माझ्याकडे बोट दाखवतोय. आता तुम्हीही आलात? या, पाणी न्या, कॅनभर न्या. कर नाही त्याला डर कशाला!”

तोंडाने डर नाही म्हणत होते, पण कपाळावर घाम होता. जंतूबाईंना त्यांनी आत नेलं खरं, मात्र घाईघाईने, कुठे थांबू न देता. मागच्या खड्ड्यातून एका माणसाने पाणी काढून दिलं. वाटेत लाकडाचं मोठं पिंप होतं, कातडी फिरवतात ते. त्याच्या तोंडाशी एक कबुतर निवांत बसलं होतं आणि माणसं जवळून गेली तरी उडालं नाही.

“काम कसं चाललंय?” जंतूबाईंनी विचारलं.

“जोरात! श्वास घ्यायला फुरसत नाही. बाहेरच्या व्यापाऱ्यांना माल द्यायचाय, त्यांना कसलीही शंका यायला नको. तुम्हीही बाहेर तसंच सांगा.”

बाहेर पडताना जंतूबाई वाहिनीच्या तोंडापाशी वाकल्या. कारखान्याचं पाणी शहराच्या गटारात जातं ती जागा. तिथे एका कोळ्याने या कडेपासून त्या कडेपर्यंत जाळं विणलं होतं, जुनं, धूळ बसलेलं. जंतूबाईंनी ते मोडलं नाही.

घरी परतल्यावर भावोजींनी विचारलं, “काय, सापडला ना चोर?”

“माणूस खोटं बोलतोय एवढं नक्की,” जंतूबाई म्हणाल्या. “पण कशाबद्दल, ते अजून नक्की नाही.”

४

डेअरी चालवणाऱ्या बाईंना सगळं शहर काकू म्हणत असे. गोल चेहऱ्याच्या, हसतमुख. दुधाचे कॅन धुण्याची जागा त्यांनी अशी घासून ठेवली होती की तिथे बसून जेवावं.

“मासे पाहून मला दोन दिवस जेवण गेलं नाही हो,” त्या म्हणाल्या आणि ते खरं वाटलं. “आमचं पाणी ना, आम्ही एकदम सोडतच नाही. मागे मोठी टाकी बांधलीय. धुण्याचं पाणी त्यात साठतं, मग थोडं थोडं सोडतो, म्हणजे तुमच्या भावोजींच्या जंतूंना एकदम जड जेवण नको. टाकीत हवेचं यंत्रही बसवलंय, पाणी आंबू नये म्हणून. माझ्याच पैशाने! साहेब स्वतः उद्घाटनाला आले होते.”

“चालू आहे ना यंत्र?”

“चालू असतं की.” काकूंनी कॅनची थप्पी सरळ केली. ती आधीच सरळ होती.

दोघी टाकीच्या भिंतीला टेकून हळू आवाजात बोलत होत्या. पलीकडच्या झाडावर एक पक्षी शीळ घालत होता, तीही स्वच्छ ऐकू येत होती. भिंतीपलीकडे एका मोठ्या घराच्या खिडक्या दिसत होत्या, सगळ्या घट्ट लावलेल्या.

“टाकीतलं पाणी दाखवता?”

“झाकण जड आहे हो. हे घ्या, आत्ताच कॅन धुतले, ताजं पाणी देते.”

जंतूबाईंनी ताजं पाणी घेतलं. निघताना काकूंनी त्यांचा हात धरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

“काय काकू?”

“काही नाही. आमचा परवाना पुढच्या महिन्यात नवा करायचाय. तुम्ही भावोजींना जपा.”

५

सुनावणीपूर्वी केंद्रातून ताजा गाळ आणायचा तर साहेबांची परवानगी हवी होती. म्हणून जंतूबाई त्यांच्या घरी गेल्या. बाहेर छान वारा सुटला होता, पण दिवाणखाना बंद. डेअरीच्या मागच्या भिंतीला लागूनच घर होतं.

साहेबांच्या पत्नी खुर्चीवर बसून चांदीचा कप घासत होत्या. समोर आणखी पाच-सहा कप, टेनिसचे. साहेब तरुणपणी खेळत असत.

“बघा ना,” पत्नी म्हणाल्या, “दर आठवड्याला घासते आणि पुन्हा कोळशासारखे. पूर्वी वर्षात एकदा पुसले तरी पुरायचं. पॉलिश बदललं, फडकं बदललं, कामवालीही बदलून झाली.”

“हवा दमट असेल,” साहेब म्हणाले. “बाई, परवानगी घ्या. घेऊन जा हवा तेवढा गाळ. मला सत्याची भीती नाही. मी शिस्तीचा माणूस आहे. मला दोन गोष्टी लागतात, काम आणि झोप. मध्यंतरी झोप पार उडाली होती. आता मात्र रात्रभर कसं शांत वाटतं. झोप चांगली झाली की निर्णय चांगले होतात.”

“खरंय,” जंतूबाई म्हणाल्या. “झोप महत्त्वाची.”

त्या उठल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती. काहीतरी डोळ्यांपुढे होतं आणि दिसत नव्हतं.

६

आता जंतूला बोलतं करायचं होतं. जंतू काही नाव सांगत नाही. पण कुणाचं जेवण जेवून तो माजला, हे मात्र सांगू शकतो. त्यासाठी आधी तो एकटा हाती लागायला हवा होता, आणि तिथेच खरी मारामार होती. गाळात जंतूंची जत्रा असते. काचपट्टीवरचा गाळ जंतू वाढवायच्या जेलीवर पसरला की चपळ जंतू रात्रीत सगळं व्यापून टाकत आणि हा मंद धागेवाला उपाशीच राही.

जंतूबाईंनी कुकरमध्ये काचेच्या बशा उकळल्या. शिट्ट्यांमागून शिट्ट्या झाल्या. काचेची नळी आचेवर ताणून केसासारखी बारीक केली. मायक्रोस्कोपखाली तिच्या टोकाने एकच धागा उचलला, स्वच्छ पाण्यात धुतला, दुसऱ्या पाण्यात धुतला, पुन्हा धुतला, चिकटलेले चपळ भुरटे गळून जाईपर्यंत. धागा निसटला की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या खेपेला बशीत भलतेच वाढले. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. भावोजी दारात उभे राहून नखं खात होते.

“तुम्ही जरा फिरून या,” जंतूबाई म्हणाल्या. “तुमच्या श्वासाने माझा धागा हलतोय.”

अखेर एका बशीत चिमुकला, लोकरीच्या गाठोड्यासारखा ठिपका उमटला. खाली पाहिलं, तर फक्त धागे. एकाच जातीचे, एकटे.

“धरला!” जंतूबाई ओरडल्या, अगदी भावोजींच्या आवाजात. सासूबाईंच्या हातातला चमचा पडला.

मग जेवणावळ मांडली. तीन काचेच्या बरण्या, प्रत्येकीत माशांच्या टाकीला लावतात तसला छोटा हवेचा पंप. एकीत पाणी घालून पातळ केलेलं चामड्याच्या कारखान्याचं पाणी, दुसरीत डेअरीचं ताजं पाणी, तिसरीत साधं घरगुती सांडपाणी. तिन्हींत तोच धागा सारख्या मापाने सोडला. रोज सकाळी प्रत्येकीत त्या त्या कॅनमधलं थोडं पाणी वाढायचं. घरभर बुडबुड बुडबुड सुरू झालं.

पाहुणा कुठेच जेवला नाही. कारखान्याच्या बरणीत धागे चमकले, मणी धरले, पण वाढले नाहीत. ताटात मीठ होतं, जेवण नव्हतं. डेअरीच्या ताज्या पाण्यात ते मरगळले. घरगुती पाण्यात जेमतेम तगले.

सुनावणी आठवड्यावर आली. भावोजींनी बरण्यांकडे पाठ फिरवली.

“वहिनी, सोडून द्या. माझ्या नशिबी हेच असेल.”

“नशिबाला मध्ये आणू नका, त्याला मायक्रोस्कोप कळत नाही,” जंतूबाई फटकारून म्हणाल्या आणि डेअरीचा कॅन घ्यायला वळल्या.

कॅन जागेवर नव्हता.

७

“आई! डेअरीचा कॅन कुठंय?”

“अगं, तो उघडाच ठेवतेस तू. दोन दिवस तू कॉलेजच्या ग्रंथालयात होतीस, तेव्हा तुझ्या भावोजींनी थोडं बाटलीत काढून फ्रिजमध्ये ठेवलं बरणीला घालायला, आणि बाकीचा कॅन मी घट्ट झाकण लावून माळ्यावर ठेवला. या घरात उघडं भांडं मला चालत नाही. माशा बसतात.”

भावोजींनी त्यानंतरही बाटलीतलंच पुरवलं होतं. कॅन कधीपासून मिटलेला होता, हे कुणाला आठवतही नव्हतं. जंतूबाईंनी तो खाली काढला. झाकण फिरवलं आणि तिघंही मागे सरकली. सडक्या अंड्यांचा असा भपका आला की सासूबाईंनी पदराने नाक दाबलं. आत दुधाळ पाणी काळं पडलं होतं आणि आंबलं होतं.

“फेकून दे बाई ते! माझंच चुकलं!”

“चुकलं?” जंतूबाईंचे डोळे चमकत होते. “आई, तुमच्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं! आंबट जेवणही आहे, गंधकही आहे. दोन्ही एका ताटात!”

त्यांनी चौथी बरणी मांडली, तोच धागा तिच्यात सोडला आणि ते काळं पाणी थोडं थोडं वाढलं. दुसऱ्या दिवशी धागे वाढलेले वाटले. त्यापुढच्या दिवसांत बरणी कापसाने भरल्यासारखी दिसू लागली. पंप थांबवून पाहिलं तरी कापूस तळाशी बसेना. भावोजींनी बरणी उजेडात धरली.

“हाच,” ते म्हणाले. “हाच माझ्या टाकीत होता.”

“दूध धुतल्याचं पाणी ताजं असतं तेव्हा निरुपद्रवी. हवेविना बंद राहून कुजलं की त्यावर हा माजतो. काकूंची टाकी भरते, दिवसच्या दिवस मिटून राहते आणि मग तेच कुजलेलं पाणी तुमच्याकडे येतं.”

“पण काकूंचं हवेचं यंत्र?”

जंतूबाईंना आठवलं. आपण आणि काकू कुजबुजलो होतो, टाकीच्या भिंतीला टेकून. पक्ष्याची शीळ ऐकू येत होती. हवेच्या यंत्राशेजारी उभं राहून कुणी कुजबुजतं? भावोजींकडे पाहा, घरीसुद्धा ओरडतात.

“यंत्र बंद आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “पण स्वतःच्या पैशाने बसवलेलं, जगाला मिरवलेलं यंत्र काकू का बंद करतील?” आणि मग त्यांनी एकदम कपाळावर हात मारला. “आई, तुमचा चांदीचा चमचा द्या. दोन द्या.”

“चांदीचा? कशाला?”

“काळा करायला.”

८

समितीचं सभागृह भरलं होतं. अध्यक्षबाई मधोमध, साहेब उजवीकडे फायली रचून, भावोजी समोरच्या एकट्या खुर्चीवर. सासूबाई पहिल्या रांगेत, मांडीवर बरण्यांची टोपली धरून. मागे शेठ होते, काकूही होत्या.

साहेब नीट बोलले. गाळ फुगला, गाळ हवेअभावी फुगतो, हवा देणं प्रमुखांचं काम. सोपं गणित. लोकांनी माना डोलावल्या.

मग जंतूबाई उठल्या. त्यांनी टेबलावर मायक्रोस्कोप ठेवला आणि अध्यक्षबाईंना आधी घंटेसारखे प्राणी दाखवले.

“साहेबांच्या परवानगीने आणलेल्या गाळातही हे आहेत आणि पहिल्या दिवसाच्या पट्टीवरही, जी मी रंग चढवून जपली. हवा नसेल तर हे जगत नाहीत. आता हा धागा पाहा. पोटात गंधकाचे मणी आहेत. हा कुजलेल्या पाण्याबरोबर येतो. म्हणजे पाणी कुठेतरी वर कुजत होतं.”

“तर मग शेठ!” मागून कुणीतरी ओरडलं.

“शेठचा कारखाना कित्येक महिने बंद आहे,” जंतूबाई म्हणाल्या. शेठ गोरेमोरे झाले. “पिंपात कबुतरांनी घर केलंय आणि वाहिनीच्या तोंडावर कोळ्याचं जुनं जाळं आहे. वाहत्या पाण्यापुढे जाळं टिकत नाही. शेठ, खोटं बोललात ते व्यापारी पळतील म्हणून, हो ना?”

“पिंप तडकलंय,” शेठ पुटपुटले. “दुरुस्तीवाला येतच नाही हो.”

लोक हसले, आणि शेठही सुटल्यासारखे हसले.

जंतूबाईंनी बरण्या काढल्या. ताज्या पाण्याची, मरगळलेली. आणि बंद कॅनमधल्या पाण्याची, कापसाने भरलेली. अध्यक्षबाईंनी ती हातात घेऊन हलवली, ठेवली, वाट पाहिली. कापूस बसेना.

“याच जंतूला एकटा वाढवून हे केलंय. डेअरीचं पाणी बंद टाकीत हवेविना राहिलं की असं होतं. काकूंच्या टाकीतलं यंत्र बंद आहे.”

काकूंनी तोंडावर हात धरला. साहेब तडकन उभे राहिले.

“मग दोष डेअरीचा! आत्ताच परवाना रद्द करा!”

“थांबा साहेब. एक घरगुती गोष्ट विचारू? तुमच्या कपाटातले टेनिसचे कप काळे का पडतात?”

“हा काय प्रश्न झाला? हवेने पडतात.”

“अगदी बरोबर. कुठल्या हवेने?” जंतूबाईंनी दोन चमचे उचलून धरले. “हे माझ्या सासूबाईंचे, लग्नातले. एक ताज्या पाण्यावर टांगला होता, एक कुजलेल्यावर, त्याच्या गंधकाच्या वायूत.”

एक चमचा लखलखत होता. दुसरा कोळसा झाला होता. सासूबाईंनी सुस्कारा टाकला, पण ताठ बसून राहिल्या.

“साहेब, तुमचं घर टाकीच्या भिंतीला लागून आहे. कप काळे व्हायला लागले आणि तुम्हाला शांत झोप यायला लागली, या दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या. त्या आधी तुमची झोप कशाने उडाली होती?”

साहेब फायली चाळू लागले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काकू उभ्या राहिल्या होत्या.

“मी सांगते. यंत्राच्या आवाजाने साहेबांना झोप येत नव्हती. ते म्हणाले, रात्री बंद ठेवा. मग म्हणाले, दुपारीही ठेवा. मग म्हणाले, लावूच नका, परवान्याचं मी बघतो. मी घाबरले. मासे मेले तेव्हाच बोलायला हवं होतं. भावोजी, मला माफ करा.”

“मी फक्त विनंती केली होती,” साहेब म्हणाले. इस्त्रीच्या कॉलरमध्ये त्यांची मान बारीक दिसत होती. “एका टाकीच्या हवेने एवढं होईल, हे मला... मला सुचलंच नाही.”

“हवा बंद केली म्हणून तुम्ही या माणसाला घरी बसवलंत,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “आणि हवा बंद केलीत तुम्ही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.”

मग सभागृहात जो आवाज उठला तो ब्लोअरलाही लाजवेल असा होता. लोक टाळ्या पिटत होते, शेठ बाकावर चढले होते, आणि ज्या गल्लीतल्या पोरांनी नाव ठेवलं होतं त्यांचे बाप भावोजींचा हात हातात घ्यायला रांगेत उभे होते. भावोजी निर्दोष ठरले. डेअरीची टाकीही यापुढे त्यांच्याच देखरेखीखाली येणार होती, आणि साहेबांची चौकशी सुरू होणार होती. जंतूबाई खाली बसल्या. मग सासूबाईंचा काळा चमचा त्यांनी पदराने पुसायला घेतला.

९

काकूंचं यंत्र पुन्हा घरघरू लागलं. कुजलेलं पाणी यायचं थांबलं, तसे धाग्यांचे दिवस भरले. भावोजी रोज टाकीतला गाळ काढून एक थेंब वहिनींकडे आणत आणि जंतूबाई रोज सांगत, कमी झाले, अजून कमी झाले. मग एका सकाळी त्यांनी पट्टीवर खूप शोधलं आणि त्यांना एकही मणी दिसला नाही.

त्या दिवशी अध्यक्षबाई केंद्र पाहायला आल्या. काकू आल्या, शेठही आले. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा लेकाच्या कामाच्या जागी आल्या आणि नाकाला पदर लावायला विसरल्या. भावोजींनी टाकीतला गाळ काचेच्या उंच मोजपात्रात ओतला आणि ते कठड्यावर ठेवलं. सगळे गोळा झाले.

गाळाचा काठ खाली सरकू लागला. आधी बोटभर, मग वीतभर. झुपके एकमेकांना धरून, जड होऊन, शहाण्यासारखे तळाशी बसत गेले. वर पाणी उरलं, इतकं निवळ की त्याच्या पलीकडचा अध्यक्षबाईंच्या चष्म्याची काडी दिसत होती.

भावोजींनी ते मोजपात्र दोन्ही हातांत घेतलं आणि त्यांना रडू कोसळलं. पन्नाशी उलटलेला तो माणूस कठड्याला टेकून हमसाहमशी रडत होता. जंतूबाईंचेही डोळे भरून आले.

सासूबाई पुढे झाल्या. लेकाच्या हातातलं मोजपात्र त्यांनी अलगद काढून घेतलं.

“पुरे रे. एवढं निवळ केलेलं पाणी, आता खारट करशील.”

सगळे हसले, रडता रडता भावोजीही हसले. बाहीने तोंड पुसत ते नदीकडच्या झडपेशी गेले आणि निवळ पाणी नदीत सोडायला त्यांनी चाक फिरवलं.